दोष आईचा नाही, लसीचाही नाही

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा रोग नव्हे. काही मुलांच्या मेंदूची जडणघडण जन्माआधीपासूनच वेगळ्या रीतीने होते. तिचा परिणाम बोलण्यावर, माणसांत मिसळण्यावर आणि आवाज, स्पर्श, उजेड सोसण्यावर आयुष्यभर राहतो. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये ती दिसत नाही. मुलाचे वागणे पाहून आणि आईवडिलांकडून सगळे ऐकून घेऊनच निदान होते. मूल दिसायला चारचौघांसारखे असते. त्यामुळे त्याच्या वागण्याचा अर्थ जो तो आपल्या परीने लावतो.

सर्वांत जुना आणि सर्वांत क्रूर अर्थ म्हणजे दोष आईचा. त्याची सुरुवात अडाणीपणातून झालेली नाही, डॉक्टरांच्या लिखाणातून झाली. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा पालकांच्या थंडपणाचाही उल्लेख केला. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 मध्ये तोच धागा ओढून आईच्या मायेच्या अभावावर ठपका ठेवला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी मात्र 1964 मध्येच कारण जैविक असल्याचे मांडले होते. 1977 मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या 21 जोड्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. शास्त्राने आरोप मागे घेतला, घराघरांत तो राहिला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत घर आणि कारखाना यांच्यामध्ये अनेकदा भिंतच नसते. चांदीच्या पैंजणांच्या या गावात घुंगरू जोडण्यासारखी कामे बायका घरी बसून करतात. अशा घरात मूल दोन वर्षांचे होऊनही बोलेना, की ‘आईचे हात कामात, लक्ष कुठाय पोराकडे’ हा आरोप तयारच असतो. आईने काम सोडून दिवसभर मुलापाशी बसायचे ठरवले, तर घरातली कमाई जाते, स्वमग्नता जात नाही.

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ हे दुसरे वाक्य मायेने म्हटलेले असते, पण त्यात मोलाची वर्षे जातात. नुसते उशिरा बोलणारे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवते, हाक मारली की वळते, नवे काही दिसले की आईच्या तोंडाकडे पाहते. पहिल्या वाढदिवसानंतरही मूल नावाला ओ देत नसेल, दीड वर्षाचे होऊन बोट दाखवत नसेल, शिकलेले शब्द गमावत असेल, तर वाट पाहू नये. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा बालविकासतज्ज्ञाकडे दाखवावे.

शब्द गमावण्याचे हेच वय लसीचेही असते. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांदरम्यान दिला जातो आणि लक्षणेही साधारण तेव्हाच नजरेत भरतात. दोन्ही एकापाठोपाठ घडले की मन कारण जोडून मोकळे होते. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या 12 मुलांवरून लसीमुळे स्वमग्नता येते या संशयाला हवा दिली. तो लेख 2010 मध्ये नियतकालिकाने रद्द केला आणि वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही गेली. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षातही संबंध आढळला नाही. गोवर मात्र खरोखर जीव घेतो.

कर्नाटकाची हद्द जवळ असलेल्या हुपरीच्या भागात मराठी-कानडी दोन्ही भाषा कानावर पडणारी घरे आहेत. दोन भाषांमुळे मूल गोंधळले, म्हणून घरची भाषा बंद करा, असा सल्ला पालकांना मिळतो. काही घरांत तर सगळे इंग्रजीवर येतात. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते असे अभ्यासांत दिसलेले नाही. आजी ज्या भाषेत लाड करते ती काढून घेतली, की मुलाशी बोलणारे एक माणूसच कमी होते.

कान झाकून जमिनीवर लोळण घेणाऱ्या मुलाला लोक हट्टी, लाडावलेले ठरवतात. हट्टाला काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की तो थांबतो. इथे मेंदूला आवाज झेपत नसतो. मिरवणुकीतले ध्वनिवर्धक किंवा शेजारची ठोकाठोक त्याला अक्षरशः दुखते. मार दिल्याने हा त्रास वाढतो. शांत खोलीत नेल्याने ओसरतो. उलट काही मुलांना चटका, जखम यांची जाणीवच कमी असते. चांदीच्या आटणीची भट्टी आणि आम्ल जिथे हाताशी असते, तिथे हे घरच्या सगळ्यांना ठाऊक असायलाच हवे.

बरे करून देण्याचा बाजार याच हतबलतेवर चालतो. कोणी देवऋषीकडे नेतो, कोणी शहरात लाखो रुपये मोजून मूलपेशींची इंजेक्शने देतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर 2022 मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. वाचाउपचार, व्यवसायोपचार, चित्रांच्या आधारे संवाद आणि रोजचा ठरलेला क्रम यांचा मुलाला खरा उपयोग होतो. ही कामे संथ आहेत, आणि त्यांत घरच्यांनाच शिकावे लागते.

‘लग्न करून दिले की सुधारेल’ ही समजूत तर दोन आयुष्यांवर अन्याय करते. स्वमग्न मूल स्वमग्न प्रौढ होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र ‘इसा’ या भारतीय मापनपट्टीच्या 40 प्रश्नांवरून मिळते आणि ‘निरामय’ योजनेतून वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण घेता येते. 18 वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, आणि आपल्यामागे हे पालकत्व कोणाकडे जावे हे आईवडिलांनी हातीपायी धड असतानाच ठरवून ठेवायचे असते.