चेनगाडीचं इंजिन बदलण्याआधी

भातकापणी जवळ आली की अवजारं भाड्याने देणाऱ्या गटांकडून एक प्रश्न हमखास येतो. चेनगाडीचं पेट्रोल इंजिन थकलंय, त्याच्या जागी डिझेलचं बसवू का? आमच्या गटाने हे काम करून घेतलेलं आहे, म्हणून आज त्यावरच बोलू या.

चेनगाडी म्हणजे काय, ते आधी. पोकलेनला टायरऐवजी चेन असते ना, तशीच, पण रबराची चेन असलेली ही छोटी मालगाडी. मागून चालत हँडल धरायचं आणि पुढच्या हौद्यात भाताचे भारे, शेणखत नाहीतर आंब्याचे क्रेट भरायचे. चिखलात पाय रुततो म्हणून आपण फळी टाकून तिच्यावरून चालतो. वजन तेवढंच असतं, पण ते फळीभर पसरतं. चेनचं कामही तसंच. टायरची गाडी रुतेल अशा खाचरातून ती निघते.

अशा गाड्यांमागे एक दुखरी गोष्ट आहे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचे मेकॅनिक होते. १९२२ मध्ये, पंधरा वर्षांचे असताना, त्यांनी जुन्या फोर्ड मोटारीचं इंजिन बर्फावरच्या घसरगाडीला बसवलं आणि मागे लाकडी पंखा लावला. गाडी धावली, पण तो उघडा पंखा बघून वडिलांनी ती मोडायला लावली. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने गेला. बर्फाने रस्ते बंद होते, दवाखाना गाठता आला नाही. त्यानंतर त्यांनी दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याची रचना पक्की केली आणि १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. पावसाळ्यात वाट बंद होणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता इंजिनाकडे. डिझेल इंजिन कमी इंधनात जास्त ओढतं, हे खरं. पण नवं इंजिन म्हणजे नुसतं चार बोल्ट काढून चार बोल्ट लावणं नव्हे. मेकॅनिकला आगाऊ रक्कम देण्याआधी या गोष्टी विचारा.

पहिली, फेरे. पेट्रोल इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत होतं आणि नवं डिझेल ३००० घेणार असेल, तर तीच पुली ठेवून गाडी मंद चालेल. हिशेब सोपा आहे. जुनी पुली ४ इंची असेल तर ४ ला ३६०० ने गुणा आणि ३००० ने भागा. उत्तर येतं ४.८. म्हणजे पुली जवळजवळ पावणेपाच इंची हवी. पुली बदलली की बेल्टची लांबीही पुन्हा मोजायची.

दुसरी, दांडा. पुली ज्या दांड्यावर बसते तो काही इंजिनांना एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा असतो, तर काहींना २५ चा. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पण एक इंचाची पुली २५ च्या दांड्यावर बसवली तर ती सैल राहते, थरथरते आणि खाच खाऊन टाकते. ‘पत्रा घालून बसवतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. योग्य मापाची पुलीच घ्या.

तिसरी, फिरण्याची दिशा. उलट्या दिशेने फिरणारं इंजिन बसलं तर पुढचा गियर टाकल्यावर गाडी मागे, म्हणजे चालवणारीच्याच अंगावर येईल.

चौथी, वजन आणि हादरे. पेट्रोलचं इंजिन साधारण तीस किलोचं असेल तर त्याच ताकदीचं डिझेल पन्नासच्या आसपास जातं. एका सिलिंडरचं डिझेल हादरेही जास्त देतं. बैठकीखाली रबर हवं, नट सैल न होणारे हवेत, आणि वेल्डिंगला चीर गेली का ते दर आठवड्याला बघायला हवं.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हँडलवरचं लाल बटण. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते म्हणून पेट्रोल पेटतं. बटण दाबलं की ठिणगी बंद आणि इंजिन बंद. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून जुनं बटण जुन्या वायरीसकट तसंच ठेवलं तर ते नुसतं शोभेचं. एखादीचा पदर बेल्टमध्ये अडकला, तिने बटण दाबलं, तरी इंजिन फिरतच राहील. डिझेलचा पुरवठा तोडला तरच ते थांबतं. त्यासाठी इंजिनावर एक दांडी असते. तिची केबल हँडलपर्यंत आणून घ्या, उजव्या हाताला सहज लागेल अशी. ती बसल्याशिवाय पैसे पुरे करू नका. बेल्टवरची जाळीही परत बसलीच पाहिजे.

आता वायरिंग. काम सुरू करताना बॅटरीची काळी, म्हणजे ऋण वायर आधी सोडायची आणि सगळं झाल्यावर शेवटी लावायची. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना गाडीच्या लोखंडाला लागला तर ठिणग्या उडतात. वेल्डिंग करतानाही बॅटरी सुटलेली हवी. काही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला नंबरची चिठ्ठी बांधा.

सेल्फ स्टार्टर एका झटक्याला शंभर अँपिअरहून जास्त वीज ओढतो. त्याची केबल जाड आणि आखूड हवी, सायलेन्सरपासून आणि धारदार कडांपासून लांब हवी. दिव्यांचा हिशेब वेगळा. ५५ वॅटचा एक दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरहून थोडी जास्त वीज खातो, दोन दिवे नऊच्या वर. छोट्या इंजिनाचं चार्जिंग तेवढं पुरवेलच असं नाही. १८ वॅटचे दोन एलईडी मिळून फक्त ३ अँपिअर खातात. त्यांना ५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळ. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो उडाला तर का उडाला ते शोधा. त्याच्या जागी तांब्याची तार घातली तर पुढच्या वेळी वायर जळेल, आणि शेजारी डिझेलची टाकी आहे.

जोड पिळून टेप गुंडाळलेले नकोत. चिखलाचं पाणी आत शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. दाबून बसवलेली टोकं आणि वर तापवून आवळलेली रबरी नळी, असे जोड मागा. काळी वायर जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करायला सांगा. दिवा मिणमिणतो, स्टार्टर अडखळतो, याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

काम झालं की पहिली चाचणी गाडी ठोकळ्यांवर उचलून, चेन जमिनीपासून सुटी ठेवून घ्या. पुढे, मागे, आणि बंद करायची केबल पाच वेळा. मग रिकामी, मग अर्ध्या ओझ्याने. त्यानंतर सगळे नट पुन्हा आवळा. हौद्यात माणूस कधीही बसवायचा नाही. यंत्र अनुदानावर घेतलेलं असेल तर इंजिन बदलण्याआधी कृषी कार्यालयाला लेखी विचारून ठेवा.

शेवटचं मागणं. मेकॅनिककडून वायरिंगचा नकाशा कागदावर काढून घ्या. कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे जाते, फ्यूज किती अँपिअरचा, पुली किती इंची, बेल्टचा नंबर काय, सगळं त्यात हवं. त्या कागदाची जागा गटाच्या दप्तरात, पासबुकाच्या शेजारी. कर्जाचा हप्ता आपण फेडतो, व्याजाचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो, मग गाडीच्या पोटात काय आहे हे एकट्या मेकॅनिकच्या डोक्यात का असावं? ऐन कापणीत तो परगावी गेला तरी कागद बघून दुसरा मेकॅनिक काम करू शकेल, आणि साधा फ्यूज तर आपली आपणच बदलू. येत्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा, आणि गाडी असेल तर बंद करायची केबल त्याच दिवशी ओढून बघा.