मोटार एक, किल्ल्या पाच!

ज्या घरात किल्ल्या फार, त्या घरात शोधाशोध फार, असे माझी आजी म्हणत असे. तिच्या कमरेला हा एवढा जुडगा. पण कोठीची किल्ली कोणती आणि कपाटाची कोणती, हे ती अंधारातही नुसत्या बोटांनी ओळखी. ही विद्या पुढे मला एका मोटारीसाठी उपयोगी पडेल, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते!

आम्ही गेली पंचवीस वर्षे इंग्लंडात, ऑक्सफर्डजवळ राहतो. निवृत्तीनंतर लोक बाग फुलवतात, ब्रिज खेळतात. आमच्या ह्यांनी १९७३ सालची एम. जी. मिजेट घेतली! मिजेट म्हणजे ठेंगू. नाव अगदी सार्थ. लांबी सुमारे साडेअकरा फूट, जागा दोघांपुरती, डोक्यावर कापडी टप, आणि आत बसणे म्हणजे सतरंजीवर पाय पसरून बसणे. आज आपल्याकडच्या रस्त्यांवर ज्या एम. जी. मोटारी दिसतात, त्या नावाचे जुने माहेर म्हणजे इथले अ‍ॅबिंग्डन गाव. तिथला कारखाना १९८० साली बंद झाला. त्या माहेरची ही धाकटी लेक.

आता या दोन माणसांच्या मोटारीला किल्ल्या किती असाव्यात? पाच! एक इंजिन चालू करण्याची, एक डिकीची, एक पेट्रोलच्या टोपणाची आणि दोन दारांच्या दोन. आधीच्या कोणा मालकाने एका दाराचे कुलूप बदलले होते, म्हणून डाव्या-उजव्या दारांचेही आपसांत पटत नव्हते.

इथवर सारी गंमतच होती. पण दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या बोटांना संधिवाताने धरले. इथे हिवाळ्यात चार वाजताच अंधारून येते. त्या अंधारात पाचांतून एक किल्ली शोधायची, ती चिमटीत धरायची आणि दुखऱ्या बोटांनी फिरवायची! एका संध्याकाळी जुडगा हातातून निसटून चिखलात पडला. हे काही बोलले नाहीत. पण आठ दिवस मोटार जागची हलली नाही. नंतर एकदा चहा घेताना सहज म्हणावे तसे म्हणाले, “विकून टाकू या का गं?” मोटार विकायला माझी ना नव्हती. पण माणसाचा एवढा आनंद एका किल्लीपायी जावा, हे काही मला पटेना.

मग मी या मोटारीची कुळकथा वाचली, आणि मोठी मौज कळली. हिची थोरली बहीण ऑस्टिन-हीली स्प्राइट १९५८ साली आली. बेडकासारखे वर आलेले दिव्यांचे डोळे असलेली ती. तिच्या दारांना बाहेरून मूठ नव्हती, की कुलूप नव्हते. हात आत घालून दार उघडायचे. डिकीला झाकणच नव्हते. सामान बैठकीमागून आत सारायचे. १९६१ साली मिजेट आली ती डिकीचे झाकण घेऊन. १९६४ साली वरखाली होणाऱ्या काचा आल्या, दारांना मुठी आल्या आणि कुलपेही आली. सोय वाढली तशी किल्ली वाढली! आणि एवढे करून टप कापडाचाच. ज्याला चोरायचे आहे त्याला चाकू पुरे. म्हणजे दाराच्या कुलपांचा पहारा तसा नावापुरताच. खरी राखण इंजिनाच्या किल्लीची.

हे ध्यानात आल्यावर मी गावातल्या एका वृद्ध कुलूपवाल्याला गाठले. त्याने एक कुलूप खोलून मला दाखवले. आत एक फिरता गाभा असतो. त्यात पितळेच्या पातळ चकत्या ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येकीला मधोमध खिडकी आणि टेकू म्हणून बारीक स्प्रिंग. या खिडक्या कमीअधिक उंचीवर असतात. योग्य किल्ली आत सरकली की साऱ्या चकत्या गाभ्याच्या काठाशी समतल येतात आणि गाभा फिरतो. एकीने जरी डोके बाहेर काढले, तरी तो अडतो. तेव्हा कुलूप फेकायचे कारण नाही. चकत्यांची अदलाबदल केली, की तेच कुलूप दुसऱ्या किल्लीचे ऐकू लागते. अट एवढीच, की त्या किल्लीचे पाते कुलपाच्या भोकात शिरले पाहिजे.

आमची दोन्ही दारे आणि डिकी अशी एका किल्लीखाली आली. इंजिनाच्या किल्लीबरोबर सुकाणूचे कुलूपही असल्याने तिची जात वेगळी. ती वेगळीच राहिली. पेट्रोलला साधे, बिनकुलपाचे टोपण बसवले. पाचांच्या झाल्या दोन!

मग आजीची विद्या कामी आली. इंजिनाच्या किल्लीला लाकडाचे जाड, गोल डोके बसवून घेतले. दाराच्या किल्लीला लांबट आणि कडेला खाचा असलेले. आता न पाहता ओळखू येतात. शिवाय डोके रुंद, म्हणून फिरवायला जोर कमी लागतो. कुलपांत तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड घातली, कारण तेलाला धूळ चिकटते. आणि दोन्ही किल्ल्या वेगळ्या ठेवल्या. इंजिनाच्या किल्लीला जड लोढणे नको. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने लाखो मोटारी सदोष कळीपायी परत बोलावल्या, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत किल्लीला दुसरे काहीही अडकवू नका, असेच मालकांना बजावले होते.

एकाच किल्लीने सारे उघडते, म्हणून ती हरवली तर सारेच गेले, हा धोका आहेच. त्यासाठी एक जादा किल्ली घरात आणि एक मुलीकडे ठेवली आहे. किल्लीवर नाव-पत्ता मात्र लिहिलेला नाही.

वाचकहो, तुमच्या दारी मिजेट नसेल. पण जुडगा असेलच. दिवाळीच्या आवराआवरीत तो एकदा ताटात ओता. ज्या किल्ल्यांची कुलपे केव्हाच गेली, त्या बाजूला काढा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून विचारा, यातली कोणती हल्ली फिरत नाही? ती माणसे आपण होऊन सांगत नाहीत. ती फक्त बाहेर जाणे बंद करतात.