सानुग्रह नको, हक्क हवा!

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील दीक्षान्त संचलन आपण टीव्हीवर कौतुकाने पाहतो. पण त्या संचलनापर्यंत जे पोहोचूच शकले नाहीत, त्यांचे काय? प्रशिक्षण घेताना कुणाचा मणका मोडला, कुणाच्या मेंदूला मार लागला. 1985 पासून निरनिराळ्या लष्करी प्रबोधिन्यांतून असे सुमारे 500 प्रशिक्षणार्थी वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून घरी पाठवले गेले, असे वृत्त 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

कमिशन मिळण्यापूर्वी जखमी झाले, एवढ्याच कारणावरून त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाकारला गेला. पेन्शन नाही, मिळते ते ‘सानुग्रह’ अनुदान. हा शब्दच सारे सांगून जातो. सानुग्रह म्हणजे कृपा. कृपा करणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड आम्हाला चांगली परिचयाची आहे.

कारखान्यात काम शिकणाऱ्या आयटीआयच्या पोराचा हात यंत्रात सापडला, तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकाला भरपाई द्यावी लागते. तिथे ‘तू अजून कामगार झाला नाहीस’ ही सबब चालत नाही. मग देशासाठी घाम गाळणाऱ्या पोराला सरकार ती सबब कशी सांगते?

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर केंद्राने या तरुणांना माजी सैनिकांची आरोग्य योजना लागू केली. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण पुनर्वसन म्हणजे केवळ दवाखान्याचे कार्ड नव्हे. मानेखाली लुळे पडलेल्या माणसाला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो. अंथरुणात जखमा होतात, व्यायाम रोजचा असतो, आई-बाप म्हातारे होतात. पैसेवाला घरी माणूस ठेवील. मजुरी करणाऱ्या बापाने काय करावे? वस्तीतून पहिलाच मुलगा अधिकारी व्हायला निघाला असेल, तर त्याच्याबरोबर सारे घरच कोसळते.

व्यवस्था नाही असे नाही. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी खडकीत 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. पुण्यातच 1944 पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. प्रश्न दाराचा आहे. ते दार हक्काने उघडावे. सोबत पेन्शन, सांभाळणाऱ्याचा भत्ता, अर्धवट राहिलेले शिक्षण आणि झेपेल ती बैठी नोकरी हवी.

बाबासाहेब महूच्या लष्करी छावणीत जन्मले. सुभेदार रामजींच्या लष्करी पेन्शनचा त्या घराला आधार होता. फौजीच्या घरात पेन्शनची किंमत काय असते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. विकलांगतेत नागरिकाला साह्य करण्याची जबाबदारी संविधानाच्या अनुच्छेद 41 ने राज्यावर टाकली आहे. आम्ही उपकार मागत नाही. शपथ घेण्याआधी सांडलेले रक्तही देशासाठीच सांडले होते, एवढे सरकारने कायद्यात लिहून द्यावे!