शाखा-दूरध्वनींचे गटमार्गण

कार्यालयाच्या खाजगी दूरध्वनी केंद्रात आलेला ‘कॉल’ एका ठराविक दूरध्वनीकडे न पाठविता, त्याच कामासाठी नेमलेल्या अनेक दूरध्वनींपैकी मोकळ्या असलेल्या एकाकडे आपोआप नेण्याच्या पद्धतीस गटमार्गण म्हणतात. अशा केंद्राला जोडलेल्या अंतर्गत दूरध्वनीस शाखा-दूरध्वनी (व्यवहारात ‘एक्स्टेंशन’) आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपाच्या केंद्रास ‘ईपीएबीएक्स’ असे म्हणतात. गटास स्वतंत्र क्रमांक असतो. तो फिरविणारा मनुष्य व्यक्ती नव्हे, तर काम मागत असतो. ते काम कोणाच्या टेबलावर पोहोचवावयाचे, हे केंद्र ठरविते.

मुंबईत १८८२ साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले तेव्हा व नंतरही दीर्घकाळ जोडणीचे काम माणसे करीत. कार्यालयातील फलकावर बसणाऱ्या ऑपरेटरला कोण रजेवर आहे, कोण साहेबांच्या दालनात गेला आहे, हे ठाऊक असे. स्वयंचलित यंत्रणेने जोडणी वेगवान केली. पण हे ज्ञान मात्र तिच्याकडे आले नाही. तिला तार व्यग्र आहे की मोकळी, एवढेच कळते.

आल्मन ब्राउन स्ट्रौजर यांच्या पद्धतीत (अमेरिकन एकस्व १८९१) गटातील तारा अखेरच्या निवडकाच्या लगतच्या स्पर्शबिंदूंना जोडाव्या लागत. गटाचा पहिला क्रमांक फिरविल्यावर निवडकाचा सरकता स्पर्शक व्यग्र तारेवरून पुढच्या तारेवर जाई व पहिल्या मोकळ्या तारेवर थांबे. मधलाच क्रमांक फिरविल्यास असा शोध होत नसे. क्रमांक लगतचे असणे अनिवार्य असल्याने, वाढत्या कार्यालयासाठी शेजारचे क्रमांक रिकामे राखून ठेवावे लागत. ते न राखल्यास कार्यालयाचा क्रमांकच बदलण्याची वेळ येई. इलेक्ट्रॉनिक केंद्रात गट म्हणजे स्मृतीत नोंदलेली यादी असते, त्यामुळे ही अडचण उरली नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या भारतीय संस्थेने १२८ जोडण्यांचे कार्यालयीन केंद्र विकसित केले होते.

गट करण्याचा लाभ किती, याचे गणित कोपनहेगन दूरध्वनी कंपनीतील डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) यांनी १९१७ मध्ये मांडले. समजा, दहा लिपिकांचे दहा स्वतंत्र क्रमांक आहेत व प्रत्येकाकडे तासाला सरासरी दहा कॉल, प्रत्येकी सरासरी तीन मिनिटांचे, यदृच्छया येतात. व्यग्र क्रमांक मिळाल्यास मनुष्य पुन्हा प्रयत्न करीत नाही असे धरले, तर तीनांपैकी एक कॉल वाया जातो. तेच शंभर कॉल दहा जणांच्या एका गटाकडे वळविले, तर शंभरांतील सुमारे दोनच वाया जातात. माणसे तितकीच, तारा तितक्याच; फरक केवळ मार्गणाचा.

तथापि शोधाचा क्रम कोणता, यावर कामाची वाटणी अवलंबून असते. क्रमिक मार्गणात शोध नेहमी यादीतील पहिल्या दूरध्वनीपासून सुरू होतो. वरील उदाहरणात पहिला लिपिक तासातील सुमारे ५० मिनिटे बोलण्यात गुंतलेला राहील, तर दहावा सहा मिनिटांहूनही कमी. चक्रीय मार्गणात शोध मागील कॉल घेणाऱ्याच्या पुढून सुरू होतो. दुसऱ्या एका प्रकारात सर्वांत अधिक वेळ मोकळा असलेला दूरध्वनी निवडला जातो. या दोहोंत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २९ मिनिटांच्या आसपास काम येते. म्हणून गटातील सर्वांचे काम एकच असेल, तेथे क्रमिक मार्गण ठेवणे अन्यायाचे ठरते. पहिला कनिष्ठ व नंतरचे ज्येष्ठ असतील व ज्येष्ठांकडे केवळ उरलेले कॉल जावेत असा हेतू असेल, तर मात्र तेच योग्य होय. सर्व दूरध्वनी एकदम वाजविण्याची पद्धत चार-पाच टेबलांच्या खोलीत सोयीची असते. मोठ्या दालनात तिचा नुसता गलबला होतो आणि दुसरा उचलील या भरवशावर कोणीच उचलत नाही.

खरी अडचण रिकाम्या खुर्चीची असते. ग्राहक (रिसीव्हर) काढून ठेवलेला दूरध्वनी केंद्राला व्यग्र दिसतो व शोध पुढे जातो. पण लिपिक उठून गेलेला दूरध्वनी मोकळा दिसतो. भारतात घंटेचे एक आवर्तन सुमारे तीन सेकंदांचे असते. पाच आवर्तनांनंतर कॉल पुढे सरकवावयाचा ठरविला, तर ओळीने तीन रिकाम्या टेबलांवर ४५ सेकंद जातात. वाशिम जिल्ह्यातील आसेगावहून जिल्हा कार्यालयाशी (१ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा निर्माण होण्यापूर्वी ते अकोल्यास होते) बोलू पाहणारा मनुष्य तोवर बहुधा दूरध्वनी ठेवून देई. यावर उपाय म्हणून लिपिकाने जागेवर बसताना व उठताना आपला दूरध्वनी गटात घालण्याची व गटातून काढण्याची सोय केलेली असते. ती पाळली न गेल्यास उत्तम केंद्रही निरुपयोगी ठरते.

गट पूर्ण व्यग्र असल्यास कॉल दुसऱ्या गटाकडे, रात्री पहाऱ्याच्या दूरध्वनीकडे किंवा प्रतीक्षेच्या रांगेत पाठविता येतो. रांगेत ध्वनिमुद्रित उत्तर मिळताच आकारणी सुरू होते, घंटा वाजत असताना होत नाही. त्यामुळे एसटीडी बूथच्या काळात रांगेतील प्रत्येक मिनिटाचे पैसे ग्रामीण माणसाच्या खिशातून जात. दोन गट परस्परांकडेच वळविलेले नाहीत ना, हेही पाहावे लागते. अन्यथा कॉल त्यांच्यात फिरत राहतो. इंटरनेट प्रणालीवरील केंद्रांत गटातील एक दूरध्वनी मुंबईत, दुसरा नागपुरात व तिसरा एखाद्याच्या घरी असू शकतो. एकाने उचलताच इतरांना रद्दीकरणाचा संकेत जातो व त्यांच्या घंटा थांबतात.