घाटाखालून घाटावर : बुलढाणा जिल्ह्याची सायकलवाट

बुलढाणा जिल्ह्यात कोठेही गेले आणि एखाद्या माणसास त्याचे गाव विचारले, तर गावाच्या नावाबरोबर आणखी एक शब्द ऐकू येतो. तो म्हणतो, "आम्ही घाटावरचे", नाहीतर म्हणतो, "आम्ही घाटाखालचे". सोयरीक जुळविताना, पिकांविषयी बोलताना, निवडणुकीचा हिशेब मांडताना हे दोन शब्द हटकून येतात. मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला या भेदाचा अर्थ सहसा कळत नाही. घाट येतो, गाडी दोन-चार वळणे घेते आणि प्रवासी पुन्हा झोपी जातो. परंतु सायकलीवर बसलेल्या माणसाला तो अर्थ पोटऱ्यांत कळतो. आजच्या विषयाचे सार एवढेच आहे की, सायकलस्वार वाटेवर दोनच प्रश्न विचारीत असतो : पुढे चढ किती, आणि पाणी कोठे? याच दोन प्रश्नांनी या जिल्ह्याचा इतिहास घडविला आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम भूमीची रचना पाहू. जिल्ह्याच्या मधोमध, पश्चिमेकडून पूर्वेकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड गेली आहे. तिच्या उत्तरेस पूर्णा नदीचे सखल, काळ्या मातीचे खोरे. दक्षिणेस उंच पठार. जुन्या वऱ्हाडात यांनाच पयानघाट आणि बालाघाट म्हणत. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांपैकी मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे सहा घाटावर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्या पठाराची ही एक पायरी समजावी. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आहे, तर बुलढाणा सुमारे ६५० मीटरवर. पायरी चारशे मीटरांची झाली.

आम्ही जो मार्ग सुचवितो तो पाच दिवसांचा आणि सुमारे ३४० किलोमीटरांचा आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील मलकापुरास उतरावे, घाट चढून पठारावर फेरा मारावा आणि घाट उतरून त्याच लोहमार्गावरील शेगावला यावे. रोज सरासरी सत्तर किलोमीटर पडतात. साधारण तब्येतीच्या आणि थोडा सराव केलेल्या माणसाला ते जड नाहीत.

पहिल्या दिवशी मलकापूर, मोताळा, बुलढाणा आणि चिखली. मोताळ्यापर्यंत रस्ता सपाट, दोहो बाजूंस कपाशीची शेते. मग समोर डोंगराची निळी भिंत दिसू लागते आणि राजूरचा घाट सुरू होतो. येथे एक हिशेब सांगण्यासारखा आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर ते ४०० मीटर वर नेण्यास शरीराला सुमारे ३०० कॅलरी खर्चाव्या लागतात. ज्वारीच्या एका चांगल्या जाड भाकरीत एवढे बळ असते! म्हणजे घाट चढण्यास पैलवान व्हावे लागत नाही. एक भाकर जास्त खावी आणि घाई करू नये. लहान गिअर टाकून, बसल्या जागी, एका लयीत पॅडल मारीत राहावे. बोलता येईल इतकाच दम लागू द्यावा. बोलणे बंद पडले की वेग कमी करावा.

परंतु जो चढ आपल्याला एका भाकरीचा, तो सैन्याला फार मोठा होता. तोफा, बैल, दाणागोटा घेऊन येणाऱ्या फौजेला घाटाच्या तोंडाशी थांबावेच लागे. पायथ्याशी रोहिणखेड नावाचे गाव आहे. १४३७ मध्ये बहामनी आणि खानदेशच्या फौजांची गाठ तेथे पडली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा झगडाही तेथेच लढला गेला. एका लहान गावाच्या वाट्यास दोन लढाया का याव्यात? उत्तर नकाशात सापडत नाही. घाट चढताना सापडते.

वर आल्यावर वारा बदलतो. चारशे मीटर उंचीमुळे हवा अडीच-तीन अंशांनी थंड असते. पण याहून मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बुलढाण्याजवळची ही कड म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. येथून नळगंगा आणि ज्ञानगंगा उत्तरेस उतरतात, पूर्णेला मिळतात आणि तापीतून अरबी समुद्रास जातात. त्याच डोंगरात, बुलढाणा तालुक्यातील मढ गावच्या बुधनेश्वराजवळ, पैनगंगा उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत वर्धेला मिळते आणि शेवटी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, एक पश्चिमसागरास आणि एक पूर्वसागरास! ज्या रस्त्याने आपण रोज कचेरीस जातो तो हिंदुस्थानच्या दोन समुद्रांमधला बांध आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते?

दुसरा दिवस चिखली, मेहकर आणि लोणार. पठारावर चढउतार सौम्य आहेत. रस्त्याच्या दक्षिणेस साखरखेर्डा हे गाव राहते. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजामउल्मुल्काने मुबारिजखानाचा येथे पराभव केला आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिले. हैदराबादची जी सत्ता १९४८ पर्यंत टिकली, तिचा पाया या उघड्या माळावर घातला गेला. मेहकरला पैनगंगा पुन्हा भेटते. तेथील बालाजीची भव्य काळ्या पाषाणाची मूर्ती १८८८ साली जमिनीत सापडली. दर्शनार्थ अर्धा तास अवश्य काढावा.

लोणारकडे जाताना सायकलस्वाराला एक चमत्कार जाणवतो. सरोवर जवळ आले तरी डोंगर दिसत नाही, मोठी चढण लागत नाही. काठ भोवतालच्या जमिनीहून फार तर वीस मीटर उंच. मग एकाएकी पायांखाली सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची वाटी उघडते. ज्वालामुखीचे तोंड असे नसते. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली, आणि पुढे दीड शतक ज्वालामुखी की उल्का हा वाद चालला. १९७०च्या दशकात भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळाला छिद्रे पाडून खडक काढले, तेव्हा केवळ प्रचंड आघातानेच घडू शकणारे काचरूप खनिज त्यांत सापडले आणि वाद मिटला. विवराच्या वयाविषयी मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. सरोवराचे पाणी अतिशय खारे व अल्कधर्मी, आणि त्याच विवराच्या उतारावर गोड पाण्याची धार वाहते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा क्षार वाढल्याने फोफावलेले सूक्ष्म जीव त्याचे कारण ठरले. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. सायकल काठावर ठेवून पायीच उतरावे. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर पाहिल्याशिवाय मात्र परतू नये.

तिसऱ्या दिवशी सुलतानपूर, बीबी, दुसरबीड या मार्गाने सिंदखेडराजा आणि मुक्कामास देऊळगावराजा. सिंदखेडास १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील लखुजी जाधवराव १६२९ मध्ये देवगिरीच्या दरबारात दग्याने मारले गेले. त्यांची समाधी येथे आहे. लोक राजवाडा पाहतात, नमस्कार करतात आणि निघतात. आम्ही म्हणतो, वाड्याइतकेच मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव नीट पाहावे. पन्नास किलोमीटर उन्हातून सायकल मारून आलेल्या माणसाला त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पठारावर मोठी नदी नाही. पावसाचे पाणी उतरून निघून जाते. जो ते अडवील त्याचेच राज्य टिकावयाचे. ज्या घरात पाणी बांधण्याची रीत होती त्या घरातली मुलगी पुढे उजाड पुण्यात वस्ती वसवावयास आली, हे ध्यानात ठेवावे.

चौथ्या दिवशी देऊळगावच्या बालाजीचे दर्शन घेऊन चिखलीमार्गे बुलढाण्यास परत. पाचव्या दिवशी बोथ्याच्या जंगलातून खामगावकडे उतरावयाचे. हे ज्ञानगंगा अभयारण्य, सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे. अस्वल, बिबट्या येथे आहेत. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून या जंगलात येऊन राहिला. म्हणून हा टप्पा सकाळी उजाडल्यानंतर, सोबतीने, आवाज न करता पार पाडावा. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरावे, सतत दाबून धरू नयेत.

खाली आल्यावर खामगावची कापसाची व चांदीची पेठ लागते आणि तेथून सतरा किलोमीटरवर शेगाव, श्रीगजाननमहाराजांचे समाधिस्थान. येथे प्रवास संपतो आणि पाण्याचा प्रश्न मात्र नवे रूप घेतो. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणली तर पाणी लागते, पण पुष्कळ ठिकाणी ते पिण्याजोगे नसते. वर पाणी थांबत नाही, खाली थांबलेले पाणी गोड नाही! म्हणून घाटाखाली बाटल्या भरून घेतल्याशिवाय गाव सोडू नये.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. आजची ही वसंतातली सभा ऐकून कोणी उद्याच निघू नये. वैशाखातले वऱ्हाडचे ऊन जिवावर बेतते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे निघून अकरापर्यंत मुख्य अंतर कापावे. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, डोक्यास शिरस्त्राण आणि मागे तांबडा दिवा एवढे असल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. ट्रक आणि बसगाड्यांची वर्दळ मोठी आहे.

शेवटी एक विचार. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो मेहकर आणि सिंदखेडराजाजवळून जातो. त्यावर सायकलीस मज्जाव आहे, आणि वेग पाहता तो योग्यच आहे. अशा रस्त्यांची देशाला गरज आहे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु जी पिढी हा जिल्हा तासाभरात ओलांडील तिला चढ जाणवणार नाही आणि तहानही लागणार नाही. तहान न लागलेल्या माणसाला बारव हे जुने बांधकाम दिसते, आणि जुन्या बांधकामात कचरा टाकावयास त्याचा हात कचरत नाही. तलाव बुजतात ते शत्रूमुळे नव्हे, या विस्मरणामुळे. आपल्या मुलांना वर्षातून एकदा तरी सायकलीवरून घाटाखालून घाटावर आणावे. चढ त्यांना भूगोल शिकवील, पाणी इतिहास शिकवील. आणि ज्या बारवेने एकदा तहान भागविली, ती राखण्याचे काम त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.