उचलून नेऊ की!

माथेरानच्या हातरिक्षांची बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली आहे. ६ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितल्या. गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षांची योजना आखा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. माणसाने माणसाला ओढत चढावर न्यायचं, हे २०२५ सालापर्यंत चालू राहिलं याची लाज वाटायला हवी. त्यावर वाद नाही. वाद पेव्हर ब्लॉकवर, घोडेवाल्यांवर, परवान्यांवर होईल आणि तो पुढचे कित्येक महिने पुरेल.

पण या चर्चेत रिक्षा ओढणाऱ्याबद्दल जेवढं बोललं गेलं, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं रिक्षात बसणाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. हौशी, धडधाकट मंडळी सोडून द्या. गुडघे गेलेल्या आजी, अर्धांगवायूतून जेमतेम उठलेले काका, चार पावलांवर दम लागणारी माणसं यांनी गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचे अडीच किलोमीटर कसे कापायचे? घोडा हा त्यांच्यासाठी पर्याय नव्हेच. छोट्या गाडीची शटल आहे, पण तिचं दार अरुंद आणि पायरी उंच. उरली हातरिक्षा. म्हणजे आपल्या सुट्टीचा भार दुसऱ्याच्या छातीवर टाकायचा आणि वर जाईपर्यंत ओशाळं होऊन बसायचं.

आजारी किंवा अपंग माणसाला सहलीला न्यायचं म्हणजे कुणीतरी त्याला उचलायचं, ही महाराष्ट्राची अघोषित व्यवस्था आहे. अजिंठ्याला चार जण खुर्ची खांद्यावर घेतात. घारापुरीच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्यांवरही खुर्च्याच. दोन्ही ठिकाणं जागतिक वारसा यादीत आहेत, हे सांगून काही उपयोग आहे असं नाही, तरी सांगते.

गंमत अशी, की थंड हवेची ठिकाणं वसवलीच गेली आजाऱ्यांसाठी. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८-२९च्या सुमारास महाबळेश्वरी वस्ती केली ती गोऱ्या रुग्णांना हवापालट मिळावा म्हणून. पाचगणीला १९१२मध्ये डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं. देवळालीत तर सॅनेटोरियमांची रांगच होती. डॉक्टर चिठ्ठीवर औषधाबरोबर 'महिनाभर देवळाली' लिहून देत आणि घरचे बिछाने बांधायला घेत. आज त्याच गावांत रुग्णाने राहायचं म्हटलं तर पहिल्या मजल्यावरची खोली, लिफ्ट बंद, आणि समोर 'व्हॅली व्ह्यू'.

व्ह्यूचं सोडा. व्हीलचेअरवाल्याची सुट्टी न्हाणीघराच्या दारात ठरते.

मैत्रिणीच्या आईसाठी गुहागर-दापोलीकडच्या होमस्टेंना मी फोन करत होते. त्या व्हीलचेअरवर असतात आणि त्यांना चार दिवस समुद्राचा आवाज ऐकत पडून राहायचं होतं, एवढीच मागणी. एक गृहस्थ फार मोकळे निघाले.

"कमोड आहे ना काका?"

"आहे तर! एकदम नवा."

"दार किती रुंद आहे?"

"माणूस जाईल एवढं आहे की ताई."

"खुर्ची जायला हवी हो."

"मग पायऱ्यांचं काय करणार? तीन पायऱ्या आहेत पडवीला. पण तुम्ही काळजी करू नका, आमच्याकडे चार पोरं आहेत. उचलून नेऊ की!"

त्यांच्या मनात खोट नव्हती, आणि म्हणूनच राग येत नाही. पण विचार करा. ज्या बाईंच्या मांडीच्या हाडाला एकदा चीर गेली आहे, त्यांना चार अनोळखी मुलगे दिवसातून सहा वेळा उचलणार. बाथरूमलाही तेच. ही विश्रांती कशी म्हणायची? माणूस पाणीच कमी पितो मग. लघवीला जायला लागू नये म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहणारे प्रवासी तुमच्या ओळखीतही असतील, फक्त त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नसेल.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की बुकिंगच्या वेळी 'व्हीलचेअर चालेल का' हा प्रश्न विचारूच नये. उत्तर नेहमी 'हो' येतं. मोजपट्टी धरून काढलेला फोटो मागावा. साधी व्हीलचेअर चोवीस ते सव्वीस इंच रुंद असते. अडीच फुटी म्हणून बसवलेल्या दारातून चौकट आणि उघडलेल्या फळीची जाडी वजा केली की हातात पंचवीस-सव्वीस इंच राहतात, म्हणजे बोटं सोलून निघणार. सरकारी मार्गदर्शक तत्त्वं ९०० मिलिमीटर मोकळी जागा सांगतात, म्हणजे पस्तीस इंच. रॅम्पचंही तसंच. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. पडवीच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. प्रत्यक्षात तिथे पाच फुटी फळी टेकवलेली असते, सामानाची ट्रॉली चढवण्यासाठी, आणि वेबसाइटवर 'दिव्यांगस्नेही' असं झळकतं. एक युक्ती मात्र सांगून ठेवते. दार बिजागरीवरून काढून पडदा लावला की इंच-दीड इंच मिळतो. वरच्या काकांनी तेवढं लगेच कबूल केलं. पायऱ्यांचं काही झालं नाही, तेव्हा आम्ही दुसरं घर शोधलं.

हा प्रकार घरगुती होमस्टेवाल्यांपुरता नाही. जानेवारी २००१मध्ये व्हीलचेअरवरचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईत टीआयएफआरच्या परिषदेला आले आणि पुढे दिल्लीला गेले, तेव्हा कुतुबमिनारसारख्या वास्तूंवर पुरातत्त्व खात्याने घाईघाईने लाकडी रॅम्प टाकले. पाहुणा जगप्रसिद्ध होता म्हणून. दिव्यांग हक्क कायदा आला २०१६मध्ये, त्याचे नियम २०१७मध्ये. मात्र सुगमतेचे निकष त्या नियमांत शिफारशीच्याच थाटात राहिले. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा तो नियमच कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक निकष करायला सांगितलं. रतुरींनी याचिका केली होती २००५मध्ये. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर अपंग माणसं आहेत. त्यांच्याबरोबर प्रवास करणारी आई, बायको, भाऊ धरले तर हॉटेलवाल्यांनी स्वतःच्या गल्ल्याकडे बघूनही हे करायला हरकत नव्हती.

चेन्नईने करून दाखवलं. मरिना बीचवर नोव्हेंबर २०२२मध्ये वाळूवरून पाण्याच्या जवळ नेणारी लाकडी वाट झाली, सुमारे २६३ मीटर. पंधरा दिवस उलटायच्या आत मांदूस चक्रीवादळाने तिची नासधूस केली, आणि पालिकेने ती पुन्हा दुरुस्त केली. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. गोव्याने अपंगांसाठी पर्पल फेस्ट सुरू केला, निदान त्या दिवसांत तरी सरकारला बीचकडे खुर्चीच्या उंचीवरून बघावं लागतं. आपली किनारपट्टी शेकडो किलोमीटर, आणि वाळू लागली की आपली खुर्ची रुतते.

आता खुर्ची नसलेल्यांकडे वळू, कारण त्यांची पंचाईत जास्त आहे. संधिवात, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, जुनाट थकवा. दिसायला माणूस ठणठणीत. त्यामुळे 'एवढं काय, चल ना' हे वाक्य त्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त येतं. मराठी माणसाची सहल 'सहा-सात-आठ'वर चालते. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. संधिवाताच्या माणसाची बोटं सकाळी तास-दीड तास उघडतच नाहीत. तो सहाला उठला तर सातला ब्रश धरू शकेल. पार्किन्सन्सच्या गोळीची वेळ जेवणाशी बांधलेली असते, आणि बस 'अजून एकच पॉइंट' करत दोनला ढाब्यावर थांबते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंग तापलं की पाय जड होतात, नजर धूसर होते. त्यांनी मे महिन्यात कोकण म्हणजे दुखणं विकत घेणं. थंडीत जावं, आंबा नाही मिळाला तरी चालेल.

अशा लोकांनी ग्रुप टूरच्या नादी लागू नये, हे माझं ठाम मत आहे. एकाच ठिकाणी राहावं. पोहोचल्याचा दुसरा दिवस कोरा सोडावा. कोरा म्हणजे कोरा, 'जवळच तर देऊळ आहे' हेसुद्धा नको. आणि घरी परतल्यावर कामावर जाण्याआधी आणखी एक. चार दिवसांच्या सुट्टीतले दोन दिवस असेच गेले तर काय पाहिलं, असं शेजारी विचारतील. विचारू द्या.

औषधांची बाजू कंटाळवाणी आहे, तेव्हा त्यातलं फसवं तेवढं सांगते. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायची. वापरात असलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण खोली फार तापत नसेल तर. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ती वाया जाते, आणि बर्फाला चिकटून गोठली तरी वायाच. विमानात ती हातातल्या बॅगेत हवी. ओल्या मडक्यात ठेवायची जुनी पद्धत देशावर उत्तम. कोकणात हवाच दमट असल्याने मडक्याचं पाणी नीट उडत नाही, म्हणून हवा तसा गारवा धरत नाही. तिथे फ्रिजच गाठावा, आणि रात्री वीज जाते का तेही यजमानाला विचारावं.

डायलिसिसवर असलेल्यांना तर नातेवाईक परस्पर प्रवासातून वजा करतात. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडलेला माणूस कुठे जाणार? हैदराबादचे कमल शाह १९९७मध्ये अमेरिकेला शिकायला निघायच्या बेतात होते, तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आईचं मूत्रपिंड बसवलं, ते टिकलं नाही. मग पोटात नळी बसवून घरच्या घरी करायचा डायलिसिस सुरू झाला. त्यात द्रवाच्या पिशव्या बरोबर नेता येतात, त्यामुळे फिरणं जमतं. डिसेंबर २००४मध्ये ते महाबलीपुरमला सुट्टीवर होते, आणि २६ तारखेला त्सुनामी आली. जीव वाचला, पण त्या पाण्यामुळे नळीच्या जागी संसर्ग झाला आणि ती पद्धतच सोडावी लागली. पुढे ते रात्री झोपेत घरीच हीमोडायलिसिस करू लागले, पोहू लागले, नेफ्रोप्लस या डायलिसिस केंद्रांच्या साखळीचे सहसंस्थापक झाले आणि सुट्टीवर जातच राहिले. गोव्याला जाऊन तिथल्या केंद्रात डायलिसिस करून घेणं ही कल्पना आता रुग्णांना नवी राहिलेली नाही. मला आवडतं ते त्यांनी समुद्राशी वैर धरलं नाही हे. पण ही पुन्हा जिद्दीची कहाणी व्हायला लागली, म्हणून इथेच थांबते. वर्तमानपत्रांना एव्हरेस्ट चढणाऱ्या अरुणिमा सिन्हा हव्या असतात. झोपाळ्यावर पडून शेंगा खायच्या आहेत असं म्हणणाऱ्या अपंग बाईची बातमी होत नाही.

परगावच्या केंद्रात डायलिसिस हवा तर निदान तीन-चार आठवडे आधी बोलावं. कावीळ 'बी' आणि 'सी' व एचआयव्हीचे ताजे अहवाल, आधीच्या काही डायलिसिसच्या नोंदी, कोरडं वजन, हेपारिनची मात्रा, हे सगळं मागतातच. आणि कोकणात पोहोचल्याबरोबर यजमान हातात शहाळं ठेवतात, ते हसून परत करावं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. एक शहाळं प्यायल्याने काय होतंय, असं म्हणणारा यजमान भेटणारच. त्याला कारण समजावत बसू नये, डॉक्टरांचं नाव पुढे करावं.

रेल्वेकडे बघितलं की सरकारच्या डोळ्यांसमोर कोणता प्रवासी आहे ते कळतं. चालता न येणारे, पूर्ण अंध अशा काही गटांतल्या अपंगांना कोणत्याही कारणासाठी सवलत आहे, बरोबरच्या माणसालाही. स्लीपरमध्ये चार बर्थचा कोटाही आहे, रेल्वेचं कार्ड काढलेलं असलं पाहिजे. रुग्णांची यादी वेगळी. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत १०० टक्के सवलत, मूत्रपिंडाच्या रुग्णाला ७५ टक्के, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांनाही आहे. अट एकच, प्रवास उपचारासाठी किंवा तपासणीसाठी हवा. परळला केमोथेरपीला या, तिकीट माफ. केमो संपल्यावर आठ दिवस गणपतीपुळ्याला जाऊन पडायचं असेल तर रत्नागिरीपर्यंत पूर्ण भाडं. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, आणि दिवाळीच्या आठवड्यात कोकण रेल्वेचे खालचे बर्थ काही मिनिटांत संपतात. तेव्हा दिवाळी जाऊ द्या. दिवाळीची सुट्टी संपली की गाड्या रिकाम्या असतात, होमस्टेचे दर उतरलेले असतात आणि मोजपट्टीचा फोटो काढून पाठवायला मालकाला वेळही असतो.