मातीचे रंग, जवसाचे तेल

दुकानातली तैलरंगाची नळी महाग असते, म्हणून आपल्या मुली वहीवरच चित्रे काढून थांबतात. पण तैलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि वाळणारे तेल. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे मिळतात. वारली बायका लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहीत आल्या. पद्धत पाण्याची असली, तरी रंग मातीचाच!

लाल रंगाला गेरू घ्या, पिवळ्याला पिवडी, काळ्याला दिव्याची काजळी. गेरू आणि पिवडी यांचा रंग मातीतल्या लोहाचा असतो, म्हणून तो उन्हाने उडत नाही. जुन्या लोखंडी तव्यावर पिवडी चांगली तापवली की तिच्यातले पाणी उडते आणि ती तांबूस होते. एका मातीतून दोन रंग!

माती कुटून बादलीभर पाण्यात ढवळा. रेती लगेच तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचे पाणी काढून तळाचा गाळ वाळवा, वस्त्रगाळ करा. विकतच्या गेरूत रंग मिसळलाय का, तेही इथेच कळते. माती खाली बसली आणि वरचे पाणी आरपार दिसूनही लालच राहिले, तर तो गेरू घेऊ नका.

आता तेल. खोबरेल, शेंगदाणा चालत नाही, ते चिकटच राहते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून रंग धरून ठेवते. करडईचे तेलही चालते. ते कमी पिवळे पडते, पण वाळायला जास्त दिवस घेते. काचेवर पूड घ्या, तेल थेंबथेंब घाला आणि लोण्यासारखे होईपर्यंत घोटा. जेवढे घोटाल तेवढा रंग खुलतो. घट्ट झाकणाच्या बाटलीत गच्च भरा, हवा राहिली तर वर साय धरते. स्वयंपाकाचा पाटा-वरवंटा यासाठी वापरू नका.

कापडावर तेल थेट लावले तर कापड कुजते. आधी पांढऱ्या गोंदाचे दोन हात द्या, वाळू द्या, मग रंगवा.

आता नीट ऐका, सख्यांनो. सगळे जुने रंग मातीसारखे निरुपद्रवी नसतात. खरा शेंदूर शिशाचा असतो, हरताळात सोमल असते, हिंगुळात पारा. लहान मुलांच्या मेंदूला शिसे घातक आहे. हे तिन्ही घरात घोटू नका, मुलांच्या हाती देऊ नका. कोरडी पूड चाळताना तोंडाला ओढणी बांधा. आणि तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गटाने विकायचे ठरवले, तर माती, तेल, बाटली यांच्यासोबत घोटणाऱ्या बाईची मजुरीही वहीत लिहा. मजुरी न धरता लावलेला भाव स्वस्त दिसतो, पण तो आपल्याच कष्टातून वजा होतो. आधी छोटी बाटली करा, फळीवर एक पट्टा ओढा. आठवड्याने बोटाला रंग लागतोय का पाहा, मगच पुढची बाटली भरा.